आपांचे कान

आमच्या घरमालकिणीची पहिली अट अशी होती, की मुलींनी पाय वाजवत चालायचं.

अमरावतीत खोली शोधताना मी आणि बाबा बरीच घरं हिंडलो होतो. सगळीकडे एकच पाढा ऐकायला मिळे. आवाज नको, गाणी नकोत, मोठ्यानं हसणं नको, जिन्यात चपला वाजवायच्या नाहीत. वलगाव रस्त्याच्या बाजूला एका दुमजली घराच्या पायरीवर मात्र साठीच्या आसपासची एक बाई उभी होती. सलवार-कमीज, पायात पांढरे कॅनव्हासचे बूट, ओढणी कमरेला आडवी बांधलेली आणि गळ्यात शिट्टी. बाबांकडे त्यांनी बघितलंही नाही. मला म्हणाल्या, "चालून दाखव."

मी अंगणातून दाराशी गेले आणि परत आले.

"मांजर हायेस का तू? पाय वाजव जरा. माह्या घरात चोरावानी चालाचं नाही. कोण येऊन राहिलं, कोण जाऊन राहिलं, मले समजलं पाहिजे."

आम्ही परतवाड्याची माणसं. आमचे बाबा रोखठोक बोलणाऱ्या माणसावर लगेच विश्वास टाकत. त्यांनी तिथल्या तिथे माझी वळकटी आत नेऊन ठेवली.

बाई महानगरपालिकेच्या मुलींच्या उर्दू शाळेत खेळाच्या शिक्षिका होत्या. निवृत्त झाल्या तरी शिट्टी काही निवृत्त झाली नव्हती. दूधवाल्याला हाक मारायची तर शिट्टी, पाण्याची टाकी भरली तर शिट्टी, आम्ही सकाळी उठलो नाही तर जिन्याच्या तळाशी उभ्या राहून लांबलचक शिट्टी. सगळा मोहल्ला त्यांना आपा म्हणायचा, आम्हीही म्हणू लागलो. आमच्याशी त्या अस्सल वऱ्हाडीत बोलायच्या, मुलाशी फोनवर हिंदीत, आणि रागावल्या की दोन्ही एकदम.

त्यांनी आयुष्यभर मुलींना खो-खो शिकवला. खो-खोत बसलेल्या मुलींची तोंडं एक इकडे, एक तिकडे असतात आणि खो नेहमी पाठीमागून मिळतो. त्यामुळे आपांचं सगळं शिक्षण पाठीशी चाललेल्या गोष्टींचं होतं. शाळेत त्या मुलींच्या डोळ्यांना ओढण्या बांधून मैदानात बसवत आणि कोण कुठून पळतंय ते हात करून दाखवायला लावत. "समोरचं तं बकरीलेबी दिसते," असं त्या म्हणत, "पाठीमागचं ज्याले समजलं तो खेळाडू."

आणखी एक सवय होती. सकाळचा पेपर त्या स्वतः वाचत नसत, आमच्यापैकी एकीला मोठ्यानं वाचायला लावत. त्या वर्षांत पहिल्या पानावर आमच्याकडच्या तालुक्यांची नावं यायची. शेतकऱ्यांनी जीव दिल्यावर यायची, हे सगळ्यांना ठाऊक होतं. आपा म्हणत, "पयलं पान ठेव बाजूले. खेळाचं वाच." मला वाटायचं, या बाईला जगाची काही पडलेली नाही. फार उशिरा लक्षात आलं. माझी खोलीतली जोडीदारीण शीतल वाचायला बसली की त्या असं म्हणत. मी वाचत असले, की पहिल्या पानापासून सगळं ऐकत.

शीतल दर्यापूरकडच्या खेड्यातली, शेतकऱ्याची मुलगी. माझ्याच वर्गात. बोलणं थोडं, हसणं त्याहून थोडं. तिच्याकडे चुलतभावानं दिलेला जुना जोडजाड केलेला कॉम्प्युटर होता, माझ्याकडे लॅपटॉप. आमच्या वर्गातली मुलं संध्याकाळी राजापेठेकडच्या गेमिंग पार्लरमध्ये जात आणि दुसऱ्या दिवशी वर्गात कोणी कोणाला कसं मारलं ते रंगवून सांगत. मुलींनी पार्लरमध्ये जायचा प्रश्नच नव्हता. मग शीतलनं त्यांच्यापैकी एकाकडून तो खेळ मागून आणला आणि आम्ही दोन यंत्रांमध्ये एक वायर टाकून खोलीतच खेळायला लागलो. बंदुका, गोदामं, अरुंद बोळ आणि बोळाच्या टोकाला दबा धरून बसलेला शत्रू. मी बरी खेळायचे. शीतल खेळायला बसली, की ओळखू येत नसे. पाठीचा कणा ताठ, डोळे स्थिर, आणि ओठ किंचित उघडे.

एका रविवारी दुपारी हेडफोनची पिन निसटली आणि गोळीबार सगळ्या घरभर गेला. जिन्यात शिट्टी वाजली. आपा दारात येऊन उभ्या.

"कोण मेलं?"

"कोणी नाही आपा, खेळ आहे."

खेळ हा शब्द ऐकल्यावर त्या आत आल्या. पडद्याला नाक लागेल इतक्या जवळ तोंड नेऊन त्यांनी बराच वेळ बघितलं. मग विचारलं, "हा समोरचा रस्ता झाला. पाठीमागून कोणी आलं तं?"

"पायांचा आवाज येतो, हेडफोनमध्ये," शीतल म्हणाली.

आपांनी हेडफोन कानाला लावला. शीतलनं खेळ सुरू ठेवला. थोड्या वेळानं आपांचा डावा हात आपोआप वर गेला. "इकडून. डावीकडून पाय वाजून राहिले. दोघं जण हायेत." शीतल वळली. खरंच दोघं होते.

त्या दिवसापासून आम्हाला प्रशिक्षक मिळाला. मी बाजारातून एका पिनेच्या दोन करणारी वायर आणली. एक हेडफोन खेळणारीच्या कानाला, दुसरा आपांच्या. त्या पडद्याकडे बघतच नसत. खुर्चीत मागे टेकून, डोळे मिटून ऐकत आणि हुकूम सोडत: "उजवीकडे. थांब. बस खाली. आता पळ!" आम्ही कोणाला टिपलं, की हेडफोन काढून खच्चून "खो!" ओरडत. शेजारच्या घरात काय वाटत असेल, देव जाणे.

एक अडचण त्यांना फार छळायची. साध्या हेडफोनमध्ये डावं-उजवं चोख कळतं, पण समोरचं आणि मागचं सारखंच ऐकू येतं. आवाज डोक्याच्या मधोमध येऊन बसतो. शत्रू पुढे आहे की पाठीशी, सांगता येत नाही. आयुष्यभर पाठ सांभाळायला शिकवलेल्या बाईला हे कसं सहन व्हावं? "अर्धं ऐकवते हे डबडं," म्हणून त्या करवादायच्या.

म्हणूनच माझ्या मावसभावानं अकोल्याहून सराउंडवाला हेडफोन पाठवला, तेव्हा सगळ्यांत जास्त आनंद आपांना झाला. खोक्यावर एका डोक्याभोवती सात भोंगे काढलेले होते, दोन चक्क पाठीमागे. मी वाचून दाखवलं.

"सात भोंगे? एवढ्याशा डबीत?"

"खरे नाहीत आपा. भोंगे दोनच आहेत, प्रत्येक कानाला एक. बाकीचं कॉम्प्युटर करतो. मागून आलेला आवाज आपल्या कानाच्या पाळीला कसा वळसा घालून येतो, त्याचा हिशेब मांडून तसाच आवाज बनवतो. कानाला वाटतं, मागून आला."

आपांनी स्वतःच्या कानाची पाळी चिमटीत धरली. "कोणाच्या कानाचा हिशेब?"

"म्हणजे?"

"माह्या कानाचं माप तं कोणी नेलं नाही. मंग कोणाचं नेलं?"

मी खोकं उलटंसुलटं करून बघितलं. तिथे ते लिहिलेलं नव्हतं.

आपांनी ठरवलं, परीक्षा घ्यायची. दुसऱ्या दिवशी संध्याकाळी त्यांनी आम्हाला गच्चीवर नेलं. आधी उघड्या कानांची परीक्षा. मधोमध एकीला बसवून डोळ्यांना ओढणी बांधायची. बाकीच्यांनी अनवाणी तिच्याभोवती फिरायचं आणि कुठूनही एक टाळी वाजवायची. बसलेलीनं हात करायचा. मी आणि शीतल दोघींचे हात बहुतेक बरोबर गेले. मग लॅपटॉपवर तसाच आवाज, सराउंड लावून.

माझा हात पुन्हा बरोबर जाऊ लागला. मागचा आवाज मला खरंच मागून आला, मानेवर काटा आला इतका. शीतलचं मात्र सगळं चुकलं. मागचा तिला वरून वाटे, पुढचा कुठूनच वाटत नसे. ती गोंधळून हेडफोन काढी, पुन्हा घाली. शेवटी आपांनी स्वतः तो घातला. मोठ्या आशेनं घातला होता, ते त्यांच्या चेहऱ्यावर दिसत होतं. काही वेळानं त्यांनी तो हळूच काढून मांडीवर ठेवला.

"मले विहिरीत बसवल्यावानी वाटते," त्या म्हणाल्या. "समदीकडून आवाज येऊन राहिला. कोणता खरा, काही समजत नाही."

नंतर त्यांनी विचारलं, "शीतल कोठी गेली?"

शीतल त्यांच्या शेजारी उभी होती. हात लांब केला असता तर खांद्याला लागला असता. अनवाणी होती, म्हणून तिचं पाऊल वाजलं नव्हतं. तिनं माझ्याकडे बघितलं. मी तिच्याकडे.

"इथंच आहे आपा," ती म्हणाली.

आपांनी मान संपूर्ण वळवून तिला शोधलं. खाली रस्त्यावरून एक जीप गेली.

"काचबिंदू हाय," आपा म्हणाल्या. "नळीतून पाह्यल्यावानी दिसते. समोरचं तेवढं. बाजूचं गेलं समदं, आता खालचंबी चाललं. इरफानले सांगू नोका."

इरफानभाई म्हणजे त्यांचा एकुलता मुलगा. अकोल्यात त्याचं मोटारपंप आणि पाइपांचं दुकान होतं. आईनं आपल्याकडे येऊन राहावं म्हणून तो वर्षानुवर्षं मागे लागला होता आणि आपा दर वेळी काहीतरी सांगून टाळत होत्या. डोळ्यांचं कळलं असतं, तर टाळायला काही उरलं नसतं.

आम्ही सांगितलं नाही. जिना उतरताना मात्र दोघींनीही मुद्दाम पाय आपटले. आपा खालून म्हणाल्या, "पायरी तोडता का पोट्ट्यांनो?"

त्यानंतर हेडफोनचा निकाल त्यांनी असा लावला: मी सराउंडवर खेळायचं आणि शीतलनं साध्यावर. पुढचं-मागचं ओळखायची युक्ती त्यांनी शीतलला शोधून दिली. आवाज मधोमध आला, की माऊस जरासा डावीकडे वळवायचा, म्हणजे खेळातली मान वळते. आवाज उजव्या कानात सरकला तर माणूस समोर, डाव्यात सरकला तर पाठीशी. "आपण काय करतो? खुटखुट झालं की मान हालवतो. तसंच." शीतलला ते इतकं अंगवळणी पडलं, की ती मान वळवते आहे हेही दिसेना. मी मात्र त्या युक्तीत कायम उशीर करायचे. माझा मेलेला माणूस बघून आपा म्हणायच्या, "तू आपली तुह्या विहिरीतच बरी."

त्या दिवाळीला मी घरी गेले, शीतल गेली नाही. अभ्यास आहे, म्हणाली. परत आल्यावर मला आपांकडून कळलं. शीतलच्या वडिलांनी त्या वर्षी शेत ठोक्यानं, म्हणजे वर्षाच्या ठरलेल्या पैशांवर दुसऱ्याला कसायला, देऊन टाकलं होतं आणि नागपूरला एका सोसायटीच्या गेटवर चौकीदार म्हणून लागले होते. आई त्यांच्यासोबत, गेटामागच्या खोलीत. गावच्या घराला कुलूप. शीतलला जायला जागाच नव्हती. तोवर तिनं हे कोणालाही सांगितलं नव्हतं.

"तुम्हाला कसं कळलं?" मी विचारलं.

"रोज ती दोन-दोन पायऱ्या एकदम उतरे. धनत्रयोदशीले एकेक पायरी उतरून राहिली होती. मी म्हटलं, पोरगी घरी कावून जात नाही?"

आपांनी तिला काही विचारलं नाही. फक्त म्हणाल्या, मले एकटीले करमत नाही, खाली येऊन झोप. बाकीचं मग रात्री अंधारात शीतलनंच सांगितलं. आणि पाडव्याच्या दिवशी त्या मुसलमान घराच्या उंबऱ्यावर शीतलनं पणत्या लावल्या. तेलाची बाटली आपांनी स्वतः आणून दिली होती.

शीतल आता नागपुरातच चांगल्या नोकरीवर आहे. पहिल्याच वर्षी तिनं वडिलांना गेटवरून उठवून घरात आणलं. पण ती पुढची गोष्ट.

परीक्षेच्या आधी अकोल्याच्या एका कॉलेजात स्पर्धा होती, दोघा-दोघांच्या जोड्यांची. नाव आपांनीच द्यायला लावलं. घरचे एकट्या सोडणार नाहीत म्हटल्यावर त्या म्हणाल्या, "एकट्या कोठी? मी हावो ना." मूर्तिजापूरमार्गे एसटीनं आम्ही निघालो. दोन्ही बाजूंना काळी रानं, तुरीची खुंटं, मधूनमधून बंद पडलेलं एखादं कापसाचं जिनिंग. आपा खिडकीशी बसून त्यांच्या मुली एकदा विभागाचा खो-खो कशा जिंकल्या ते सांगत होत्या. शिट्टी गळ्यात होतीच.

सभागृह मोठं होतं. लाकडी मंचावर कॉम्प्युटर मांडलेले आणि चारी कोपऱ्यांत माणसाच्या उंचीचे स्पीकर. मुलींची जोडी आमची एकटीच. संयोजक मुलगा आपांकडे बघून हसला. "आजी, तुम्हीपण खेळणार का?"

"मी कोच हावो," आपा म्हणाल्या. त्याचं हसू गेलं.

सगळ्या यंत्रांवर त्यांनी सराउंड लावून ठेवला होता. शीतलनं साधा करून मागितला. मुलगा म्हणाला, सगळ्यांना सारखंच ठेवायचं ठरलंय, नाहीतर भांडणं होतात. आपा पुढे झाल्या.

"तुह्या पायात कोणता नंबर हाय?"

"आठ."

"मंग समद्यांले आठ नंबरचे बूट दे आन पळाव."

शेजारच्या टेबलावरची मुलंही बोलायला लागली. आम्हालाही साधाच पाहिजे, आम्हाला हाच राहू दे. शेवटी ज्याचं त्यानं बघावं असं ठरलं.

पहिला डाव आम्ही जिंकलो. समोर अमरावतीचीच मुलं होती, आमच्या वर्गात रोज बढाया मारणारी. माझ्या पाठीशी आलेला एक जण मला वेळेवर ऐकू आला आणि शेवटचा शीतलनं भिंतीपलीकडून नुसत्या पावलांवर टिपला. दुसऱ्या डावात अकोल्याच्या जोडीनं आम्हाला सरळ धुऊन काढलं. ते आमच्याहून चांगले होते, एवढंच. पण टाळ्या पडल्या. निवेदकानं शीतलला माइकपाशी बोलावलं.

आपा मंचावरच एका बाजूला खुर्चीत बसल्या होत्या. शीतल बोलायला लागली. दोन शब्द बोलून ती अडखळली आणि म्हणाली, "आमच्या आपा इथं आल्या आहेत." तिचा आवाज चारी कोपऱ्यांतून आला. आपा उठल्या. त्यांना वाटलं, पोरगी बोलावते आहे. सगळ्यात जवळचा स्पीकर त्यांच्या डाव्या हाताला होता. आपा त्या आवाजाच्या रोखानं चालायला लागल्या. चेहरा हसरा, हात थोडे पुढे. शीतल होती उजवीकडे, माइकपाशी. मी ओरडले. पण माझी हाक त्या आवाजांत कुठे ऐकू जाणार? मंचाची कड त्यांच्या पायाखाली आली आणि त्यांना ती दिसली नाही.

मनगट मोडलं. कपाळाला खोक पडली. दवाखान्यात इरफानभाई धावत आला, दुकानातल्या ग्रीसनं हात काळे झालेले तसाच. डॉक्टरांनी डोळ्यांत बॅटरी मारून विचारलं, "यांना कधीपासून दिसत नाही?" तो आईकडे बघत राहिला. मग आमच्याकडे. रागावला नाही. रागावला असता तर बरं झालं असतं. बाकावर बसला आणि म्हणाला, "मी काय दुश्मन होतो का तिचा?"

आपा अकोल्याला गेल्या. अमरावतीच्या घराचा खालचा मजला बंद झाला. आम्हाला वर्ष संपेपर्यंत राहायची मुभा होती. घर इतकं शांत झालं, की आम्ही जिना चढताना आपोआप हळू चालायला लागलो.

मग एका रविवारी आम्ही त्यांना भेटायला गेलो. इरफानभाईचा फ्लॅट नवा, स्वच्छ, मोठमोठ्या गुळगुळीत फरशांचा. सामान थोडं. दुकान दोन वर्षं मंदीत होतं, विहिरी आटल्यावर मोटारी कोण घेणार? पण आईसाठी त्यानं खिडकीची खोली दिली होती. भाभी हसतमुख होत्या. कोणाचंही काही चुकत नव्हतं. आपा मात्र पलंगावर बसून होत्या, पाय जमिनीला टेकलेले, उठायच्या बेतात असल्यासारखे. बूट पायात नव्हते.

दारात मी "आपा!" म्हटलं, तर त्यांनी भलतीकडेच मान वळवली. मला ते बघवेना. अमरावतीत मी जिन्याच्या पहिल्या पायरीवर असतानाच नाव घेऊन हाक मारणारी बाई ती.

"इथं भिंतीच बोलतात," त्या म्हणाल्या. "कुकर वाजला तं वाटते बाथरूममधून आवाज आला. सून उजवीकडून बोलली तं मी डावीकडे पाह्यतो. माह्या घरी मातीच्या विटा हायेत, पोते हायेत, कपाटं हायेत. आवाज जिथचा तिथं राह्यते. इथं तं समदा सराउंड हाय."

शीतल उठली. तिनं पिशवीतून लॅपटॉप काढला आणि दोन्ही हेडफोन. कशाला आणलेत, मला ठाऊक नव्हतं. ती इरफानभाईसमोर जाऊन बसली. एवढी कमी बोलणारी मुलगी, पण आवाज जराही हलला नाही. "भाई, थोडा वेळ डोळे मिटून बसाल का?"

त्यानं रुमाल डोळ्यांना बांधून घेतला. आधी साधा, मग सराउंड. पावलं कुठून येतात, ते हात करून दाखवायचं. साध्यात त्याचं पुढचं-मागचं चुकलं. सराउंडमध्ये तो चटचट दाखवायला लागला, आणि चेहरा खुलला.

"अम्मी, ये वाला अच्छा है. पीछे का बराबर पीछे सुनाई दे रा."

"तेरे कान को अच्छा है," आपा म्हणाल्या. "मेरे कान को कुआँ लगता. इसमें तेरी गलती नई, मेरी भी नई."

त्यानं रुमाल काढला. मूर्ख नव्हता तो. "अम्मी, हेडफोन और घर एक बात है क्या? आप गिरे थे."

"अकोला में गिरी. अमरावती में कभी गिरी क्या?"

तेवढ्यात स्वयंपाकघराच्या दारातून भाभी म्हणाल्या, "अम्मी यहाँ भी टकराए. दो बार. आपको बताने को मना किया था मेरे को."

इरफानभाई उठून खिडकीपाशी गेला. खाली त्याच्या दुकानाची गाडी उभी होती, तिच्यावरचे पाइप उन्हात चमकत होते. मग मागे न वळताच त्यानं शीतलला विचारलं, "तू राहशील का खाली, तिच्यासोबत? कॉलेज संपेपर्यंत?"

"मी तसंही दुसरीकडे कुठं जाणार, भाई," शीतल म्हणाली.

पुढच्या आठवड्यात तो आईला त्याच गाडीतून घेऊन आला. प्लॅस्टर निघालेलं नव्हतं. आपांनी दारात बूट चढवले, शीतलकडून नाड्या बांधून घेतल्या आणि खोलीखोलीतून एकट्या फिरून आल्या. कपाट, मोरी, मागचं दार. कुठेही हात लावावा लागला नाही. इरफानभाई ओसरीत उभा राहून ते बघत होता. मी त्याच्याकडे बघितलं नाही, बघवलं नसतं.

"जा आता," आपा त्याला म्हणाल्या. "दुकान खुला है तेरा."

"आज रुकता हूँ अम्मी."

आपा थबकल्या. कितीतरी वर्षांत तो तिथे राहिला नव्हता, असं नंतर त्यांनीच सांगितलं. मग म्हणाल्या, "रुक. पर रोटी तू डालेगा. मेरा हाथ टूटा है, और ये दोनो पोट्ट्यांले काही येत नाही."

तो खरोखर आत गेला. ज्वारीचं पीठ मळलं, बाह्या वर केल्या आणि परातीत भाकरी थापायला लागला. आपा बाहेर आमच्याजवळ, दाराकडे पाठ करून बसल्या होत्या. थाप, थाप, थाप. मध्येच आपांनी भुवई उचलली.

"फट गई," त्यांनी आत ऐकू जाईल असं सांगितलं. "बीच में से. वापस गोला बना."

थापणं थांबलं. पिठानं माखलेले हात तसेच धरून इरफानभाई दारात आला, फाटलेली भाकरी तळहातावर लोंबत होती.

"अम्मी, दिखा कैसे आपको?"

"दिखा नई. आवाज फटी आई."

तो तिथेच उंबऱ्यावर बसला आणि हसायला लागला. हसता हसता त्याचे डोळे भरून आले, तसे त्यानं पिठाच्याच हातानं पुसले. आपांनी मान पूर्ण वळवून, नेमकं तो बसला होता तिकडे तोंड केलं आणि म्हणाल्या, "तवा जल रा."

तो उठून आत गेला.